बाळंतिणीच्या मनाचे आरोग्य : वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी काय माहीत करून घ्यावे

गरोदर बाई दवाखान्यात गेली की तिचे वजन होते, रक्तदाब पाहिला जातो, हिमोग्लोबिन तपासले जाते, सोनोग्राफी होते. बाळ झाल्यावर बाळाचे वजन, लसीकरण, दूध ओढते की नाही याची चौकशी होते. पण "तुझ्या मनाला कसं वाटतंय?" हा प्रश्न या सगळ्या काळात बहुतेकींना एकदाही विचारला जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाई आरोग्य यंत्रणेच्या दारात येते. तरीही तिच्या मनाचा आजार नजरेतून सुटतो, कारण तो कोणी शोधतच नाही.

आपल्या चळवळीत आरोग्य शिबिरे होतात, रक्तदान होते, डोळे तपासले जातात. मानसिक आरोग्य, त्यातही बाळंतिणीचे, हा विषय मात्र "बायकांचा घरगुती प्रश्न" म्हणून बाजूला राहतो. वस्तीत, विहारात, महिला मंडळात काम करणाऱ्या तरुण-तरुणींना हाताशी ठेवता येईल अशी माहिती एका ठिकाणी द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

बाळंतपणानंतरच्या सगळ्या रडण्याला एकच नाव देऊन चालत नाही. तीन अवस्था आहेत आणि तिघींमध्ये करायचे काम वेगळे आहे.

पहिली, बाळंतपणानंतरची तात्पुरती उदासी. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाई उगाच रडते, चिडते, तिला भीती वाटते, लगेच हसूही येते. शरीरातली संप्रेरके एकदम बदलतात, झोप मोडलेली असते, अंग दुखत असते. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हे कमी-जास्त प्रमाणात होते. हा आजार नाही. विश्रांती, आधार आणि पोटभर जेवण मिळाले की दोन आठवड्यांच्या आत ही अवस्था आपोआप जाते.

दुसरी, नैराश्य. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकते आणि गरोदरपणातही सुरू होऊ शकते. दिवसभर मन जड, कशात रस नाही, बाळ झोपले तरी हिला झोप नाही, भूक नाही किंवा खाणे अति, सतत थकवा, "मी वाईट आई आहे" असा अपराधीपणा, बाळाबद्दल काहीच वाटेनासे होणे, आणि कधी कधी मरणाचे विचार. सोबत चिंतेचा आजारही असू शकतो. बाळाचा श्वास चालू आहे ना म्हणून रात्रभर जागणे, छाती धडधडणे, बाळाला आपल्या हातून काही होईल या भीतीने त्याला घ्यायचेच टाळणे. याला उपचार लागतो आणि उपचाराने हे बरे होते.

तिसरी, बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार. हजार बाळंतिणींमध्ये साधारण एक ते दोघींना होतो, पण अतिशय धोकादायक असतो. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच, काही तासांत किंवा दिवसांत बाई पूर्ण बदलते. झोप अजिबात लागत नाही, ती असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकू येतात, "हे बाळ माझं नाही", "कोणीतरी त्याला मारणार आहे" असे म्हणते. कधी अति उत्साही, कधी गोंधळलेली. अशा वेळी उद्याची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. जिला आधी बायपोलर हा मनाचा आजार होता, किंवा मागच्या बाळंतपणात असे झाले होते, तिला याचा धोका जास्त असतो. त्यामुळे नाव नोंदवतानाच ही माहिती डॉक्टरांना सांगितली पाहिजे.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रिया आणि १३ टक्के बाळंतिणी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारातून जातात, प्रामुख्याने नैराश्यातून. विकसनशील देशांत हे प्रमाण अनुक्रमे १५.६ आणि १९.८ टक्के आहे. भारतातल्या ३८ अभ्यासांचे, म्हणजे वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के आढळले. साध्या भाषेत, दर पाच बाळंतिणींमागे एक.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सरकारी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यापासून त्यांनी भेटायला सुरुवात केली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते. त्यांच्यापैकी ७८ टक्के जणींचे मन गरोदरपणातच बिघडलेले होते. याचा अर्थ असा की बाळ होण्याची वाट न पाहता आधीच विचारले असते तर बहुतेकींना वेळीच मदत मिळाली असती. सहा महिन्यांनीही त्यातल्या निम्म्याहून अधिक आजारीच होत्या.

त्याच गटाने पुढे बाळांचीही वाढ मोजली. नैराश्य असलेल्या आयांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाने आणि उंचीने मागे पडलेली असण्याची शक्यता जास्त दिसली. कुपोषणाबद्दल बोलताना आपण आहार आणि रेशनबद्दल बोलतो, ते बरोबरच आहे. पण बाळाला भरवणारी आईच खचलेली असेल, तर अंगणवाडीतून आलेले पाकीट तसेच राहते.

आणि उपचार किती जणांपर्यंत पोहोचतात? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारखे नेहमी आढळणारे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत.

कारणे फक्त मेंदूत नसतात

संप्रेरके बदलतात हे खरे आहे. पण ती प्रत्येकीची बदलतात, आजारी मात्र प्रत्येक जण पडत नाही. गोव्याच्या अभ्यासात गरिबी, नवऱ्याशी ताणलेले संबंध, घरातील मारहाण ही कारणे ठळकपणे पुढे आली. मुलगा हवा असताना मुलगी झाली, हेही एक कारण होते. समाजशास्त्राच्या नजरेतून पाहिले तर हा आजार शरीर, घर आणि समाज तिन्हींच्या सांध्यावर उभा आहे.

आपल्या वस्त्यांकडे पाहा. घरकाम करणारी बाई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत चार घरची भांडी घासते, कारण सुट्टी घेतली की काम दुसरीला जाते. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने मुकादमाची उचल घेतलेली असते आणि एक दिवस कामाला न गेल्यास खाडा धरला जातो. तिथे बाळंतीण पालात असते, माहेर दोनशे किलोमीटरवर. वीटभट्टीवर, सफाईच्या कामावर, बांधकामावर वेगळे काही नाही. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आहे, हेही त्याच राष्ट्रीय पाहणीत नोंदवले आहे. एकोणिसाव्या वर्षी दुसरे बाळ मांडीवर असलेल्या मुलीला स्वतःच्या मनाला काय होतेय हे सांगायला शब्दच सापडत नाहीत.

त्यात जात मिसळते. नाव नोंदवताना आडनाव ऐकून बदलणारा सूर, कळा सुरू असताना ऐकवलेले घाणेरडे टोमणे, "तुमच्यात एवढी पोरं कशाला" असे बोलणे. आपल्या बायका हे सगळे ऐकून गप्प घरी येतात आणि पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढायला नको म्हणतात. प्रसूतिगृहातील अपमान आणि मारहाण हे नंतरच्या भीतीचे, वाईट स्वप्नांचे आणि नैराश्याचे कारण ठरू शकते. म्हणून आत्मसन्मानाचा प्रश्न आणि आरोग्याचा प्रश्न इथे वेगळे करता येत नाहीत.

शारीरिक कारणेही विसरू नयेत. रक्तक्षय आणि थायरॉइडचा त्रास यांतून थकवा, उदासी, चिडचिड होते. त्याच पाहणीत महाराष्ट्रात जवळपास ४६ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून मन खचलेल्या बाळंतिणीचे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगणे हे पहिले साधे काम आहे.

गेलेल्या बाळाचे दुःख

गर्भपात, पोटातच बाळ दगावणे, जन्मल्यावर काही दिवसांत जाणे, या दुःखाला आपल्याकडे जागाच नाही. "दुसरं होईल" असे म्हणून विषय संपवला जातो. अशा बाईला दूध येत असते, अंग बाळंतिणीचे असते, पण तिला बाळंतीण म्हणून विश्रांतीही मिळत नाही.

बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव वाचले. राजरत्नाचा मृत्यू १९२६ सालचा. आपण रमाईच्या त्यागाची गाणी गातो, जयंतीला भाषणे करतो. पण चार लेकरे गमावलेल्या आईच्या मनाची अवस्था काय असेल, यावर क्वचितच कोणी बोलते. उलट "रमाईने किती सोसलं, आणि तू एवढ्याशानं रडतेस?" असे वाक्य आजच्या सुनेला ऐकवले जाते. रमाईचे सोसणे हा त्या काळच्या गरिबीचा आणि उपचारांच्या अभावाचा पुरावा आहे. आज कोणत्याही आईला तसे सोसावे लागू नये, हीच त्यांना आदरांजली ठरेल. त्यांचे नाव घेऊन एखाद्या आजारी बाईला गप्प बसवणे हा त्यांचाही अवमान आहे.

ओळखायचे कसे?

जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, एडिनबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मापिका. १९८७ साली ती तयार झाली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, एकूण गुण ३०. ती नर्स किंवा समुपदेशकाने वापरावी आणि गुण जास्त आले तरी ते निदान नसते, पुढच्या तपासणीची सूचना असते. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला "हो" आले तर बाकी गुण कितीही कमी असले तरी लगेच मदत द्यायची असते.

कार्यकर्त्याला एवढे करायची गरज नाही. दोन प्रश्न पुरेत :

१. गेल्या महिनाभरात मन उदास, निराश, खचल्यासारखे वाटते का?
२. आधी ज्या गोष्टींत रस होता, आनंद होता, त्या आता नकोशा झाल्या आहेत का?

दोन्हींपैकी एकालाही "हो" आले की तिसरे विचारायचे, "याबद्दल कोणाशी बोलायला, मदत घ्यायला आवडेल का?"

प्रश्न विचारण्याची जागा महत्त्वाची. सासू, नवरा, जाऊ समोर बसलेले असताना कोणीही खरे सांगणार नाही. स्त्री कार्यकर्तीने बाळाला बघायच्या निमित्ताने जावे, बाळाचे कौतुक करावे आणि मग म्हणावे, "ताई, बाळाचं सगळे विचारतात, तुझं कसं चाललंय? झोप होते का?" झोपेच्या प्रश्नातून बोलणे सुरू होते. आपल्या बायका "मला नैराश्य आलंय" असे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "डोकं सुन्न झालंय", "जीव घाबरा होतो", "अंगात त्राणच नाही", "कशातच मन लागंना", "कुठंतरी निघून जावं वाटतं". या शब्दांकडे कान हवा. "निघून जावं वाटतं" याचा अर्थ तिथेच थांबून विचारावा.

मरणाबद्दल विचारले तर तिच्या डोक्यात तो विचार येईल, ही भीती चुकीची आहे. उलट थेट, शांतपणे विचारल्याने बाईला ओझे उतरल्यासारखे वाटते. जीव देण्याचा विचार, त्याची तयारी, बाळाला इजा करण्याचा विचार, नसलेले आवाज, दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही, यातले काहीही असेल तर बाईला आणि बाळाला एकटे ठेवू नका. कीटकनाशक, औषधांच्या गोळ्या, रॉकेल हाताशी राहू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा.

"बाहेरचं झालंय" म्हणणाऱ्यांना काय सांगायचे

बाळंतपणानंतर बाई असंबद्ध बोलू लागली की गावात पहिला शब्द निघतो, "ओल्या बाळंतिणीला बाहेरची बाधा झाली." मग भगत, देवर्षी, अंगारा, कधी मारहाण. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरांतही संकटाच्या वेळी हे घडते, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा घरच्यांना टोमणे मारून उपयोग नसतो. ते घाबरलेले असतात. त्यांना एवढेच सांगायचे की हा ओळखीचा आजार आहे, याला नाव आहे, औषध आहे, आणि वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. गरज पडली तर तेही सांगावे.

उपचार कुठे आणि कसे?

सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्याचे उपचार, म्हणजे समुपदेशन, चांगले काम करतात. त्यासाठी प्रत्येक वेळी मोठा डॉक्टरच लागतो असे नाही. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात डॉ. आतिफ रहमान यांनी आपल्या आशाताईंसारख्या आरोग्य सेविकांना प्रशिक्षण दिले. त्यांनी घरी जाऊन बाळाच्या आरोग्याच्या निमित्ताने आईशी ठरलेल्या पद्धतीने बोलायचे, उदास विचार ओळखायला आणि छोटी छोटी कामे पुन्हा सुरू करायला मदत करायची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी या स्त्रियांपैकी २३ टक्के जणींना नैराश्य उरले होते, तर नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांमध्ये ५३ टक्के जणींना. पुढे गोव्यात 'संगाथ' संस्थेने हीच पद्धत वस्तीतल्याच अनुभवी आयांमार्फत वापरली. त्या आयांना 'सखी' म्हटले गेले. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. परिणाम रावळपिंडीइतका मोठा नव्हता, तरी सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या स्त्रियांचे प्रमाण सखींची साथ मिळालेल्या गटात जास्त होते. आपल्या महिला मंडळांसाठी यात शिकण्यासारखे खूप आहे.

आजार तीव्र असेल तर औषधे लागतात. "अंगावर पाजतेय, गोळ्या कशा घेऊ?" ही भीती सर्वांत मोठी. काही नैराश्यरोधक औषधे, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, स्तनपानात सहसा चालतात. काही औषधे, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, गरोदरपणात बाळासाठी घातक ठरू शकतात. म्हणून दोन नियम लक्षात ठेवावेत. गरोदर आहे किंवा बाळाला पाजते हे मानसोपचार तज्ज्ञाला आधी सांगायचे. आणि आधीपासून सुरू असलेल्या गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

जाण्याची ठिकाणे :

- टेली-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. मराठीत बोलता येते.
- जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक. ते कोणत्या वारी कोणत्या ग्रामीण रुग्णालयात येते, याची चौकशी करून वार वस्तीत लिहून लावा.
- सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये.
- दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे डॉक्टर भेटतात, मनाच्या त्रासाबद्दल तिथेच सांगता येते.
- घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१, तसेच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी. मार चालू असताना नुसत्या गोळ्यांनी मन बरे होत नाही.

घरच्यांनी काय करावे?

सर्वांत मोठे औषध झोप आहे. रात्रीचे सलग चार-पाच तास तरी बाळंतिणीला झोपू द्यावे. तेवढ्या वेळात बाळाला उचलणे, लंगोट बदलणे, ढेकर काढणे ही कामे नवऱ्याने करावीत. यात पुरुषपण कमी होत नाही. "बाईने बाळाकडे बघावं, मी पैसे आणतो" हा हिशेब पहिल्या तीन महिन्यांत तरी बाजूला ठेवावा. नवऱ्यालाही ताण येतो, त्यालाही नैराश्य येऊ शकते. दारू वाढत असेल तर तीही खूण समजावी.

सासूबाई-आईने सव्वा महिन्याची जुनी पद्धत चांगल्या अंगाने पाळावी. मालीश, गरम जेवण, आराम यांनी आधार मिळतो. पण खोलीत एकटीला कोंडून ठेवणे, पाणी-भाजी-फळे तोडणे, कोणाला भेटू न देणे याने त्रास वाढतो. मुलगी झाली म्हणून पेढ्यांऐवजी गप्प बसणारे घर बाळंतिणीला आजारी पाडते. "दूधच येत नाही हिला", "आमच्या वेळी आम्ही तिसऱ्या दिवशी कामाला लागायचो" ही वाक्ये बंद करावीत. माहेरहून सासरी परतण्याचे दिवस विशेष नाजूक असतात. आधार तुटतो आणि काम वाढते. त्या आठवड्यात एक भेट नक्की द्यावी.

कायदा आणि हक्क

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर देशात पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पण घरकामगार, ऊसतोड कामगार, वीटभट्टी मजूर, म्हणजे आपल्या समाजातल्या फार मोठ्या संख्येने असलेल्या स्त्रियांना ही रजा प्रत्यक्षात मिळत नाही. बाबासाहेबांची मागणी अजून पुरी व्हायची आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळवण्याचा हक्क देतो. याच कायद्यानुसार तीन वर्षांखालील मूल असलेली आई उपचारासाठी दाखल झाली, तर मुलाला सहसा तिच्यापासून वेगळे करता येत नाही. आईमुळे मुलाला धोका असेल तरच तात्पुरते वेगळे करता येते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे. असे विभाग महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयांत हवेत, ही मागणी आपण केली पाहिजे. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला तीव्र ताण होता असे मानावे, तिला शिक्षा करू नये, असेही हा कायदा सांगतो. म्हणून "पोलीस केस होईल" या भीतीने बाईला दवाखान्यात न नेणे चुकीचे आहे.

प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री ठेवण्याची मुभा सरकारी दवाखान्यांत केंद्राच्या धोरणाने दिलेली आहे. ती मागून घ्यावी. सोबत आपले माणूस असेल तर अपमानही कमी होतो आणि भीतीही.

आशाताईंच्या सहा भेटी

आपल्याकडे एक तयार साधन आहे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी ठरलेल्या आहेत. भेटीत बाळाचे वजन, ताप, नाळ पाहिली जाते. याच भेटींत वरचे दोन प्रश्न जोडले तर वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. केरळने मातांच्या मानसिक आरोग्याच्या तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला आहे. महाराष्ट्रातही तो व्हावा म्हणून ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत, आमदारांकडे लेखी मागणी करता येते. अर्थात आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. नवे काम मागताना त्याचे प्रशिक्षण आणि मोबदलाही मागितला पाहिजे.

विहारापासून सुरुवात

आपापल्या पातळीवर पुढील कामे याच महिन्यात सुरू करता येतील :

- वस्तीतल्या गरोदर आणि वर्षभरातल्या बाळंतिणींची यादी महिला मंडळाने करावी. यादी खासगी राहावी, भिंतीवर लागू नये.
- दोन-तीन अनुभवी, तोंड बंद ठेवू शकणाऱ्या ताई-मावशी निवडाव्यात. महिन्यातून एक भेट, वर सांगितलेले दोन प्रश्न, आणि गरज पडली तर सोबत दवाखान्यात जाणे एवढेच त्यांचे काम.
- रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा तासभर फक्त आयांची बैठक घ्यावी. बाळांना सांभाळायला तेव्हा तरुण मुले बसतील.
- १४४१६, १०८ आणि १८१ हे क्रमांक विहाराच्या फलकावर कायम लिहावेत. भीमजयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या स्टॉलवर पुस्तकांशेजारी एका पानाचे माहितीपत्रक ठेवावे.
- तरुण मुलांच्या बैठकीत बाप होणाऱ्यांशी बोलावे. हे काम पुरुष कार्यकर्त्यांनीच करावे, ते बायकांवर ढकलू नये.
- एखाद्या बाळंतिणीचा मृत्यू झाला, विशेषतः "विहिरीत पडली", "भाजली" अशी बातमी आली, तर कारण विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शनानुसार गरोदरपणातील आणि बाळंतपणानंतरच्या काळातील आत्महत्या हा मातामृत्यूच धरला पाहिजे. नोंद झाली तरच चौकशी होते, आणि चौकशी झाली तरच पुढची बाई वाचते.

एक मर्यादा पाळावी. आपण कार्यकर्ते आहोत, डॉक्टर नाही. निदान करू नये, गोळ्या सुचवू नयेत, ध्यान किंवा प्रवचन हे उपचाराऐवजी देऊ नये. बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वस्तीत फिरली, तर पुढची कोणी तोंड उघडणार नाही.

दर पाच बाळंतिणींमागे एक, हा हिशेब आपल्या वस्तीला लावून पाहा. यंदा वस्तीत वीस बाळे जन्मली असतील, तर चौघींना आत्ता मदत हवी असण्याची शक्यता आहे. त्या चौघी कोण, हे आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का, ते आधी विचारू. माहीत नसेल तर पहिली भेट या रविवारी द्या.